सॉफ्टवेअरची तपासणी : सांधा कोणाचा?

कापडाचा व्यापारी ताका उलगडल्याशिवाय पैसे मोजत नाही. तो कापड उजेडात धरतो, पन्हा मोजतो, तुटलेला दोरा आणि डाग शोधतो, दोन्ही टोकांचा रंग जुळवून पाहतो. मात्र हाच व्यापारी दुकानासाठी लाख-दीड लाखाचे सॉफ्टवेअर घेतो, तेव्हा विकणाऱ्याने पडद्यावर दोन बिले काढून दाखवली की चेक फाडून देतो. आम्हीही तसेच केले होते. त्याची किंमत मोजल्यावर जे शिकलो, ते व्यापारी बांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

हा विषय संगणकवाल्यांचा आहे, आपला नाही, असे कोणी म्हणू नये. आज बिल, साठा, उधारी, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल हे सगळे सॉफ्टवेअरवर चालते. शिवाय आपल्याच घरांतली मुले हे काम करतात. सातारा, कराड, मिरज, सांगलीची कितीतरी मुले पुण्याला संगणक कंपन्यांत आहेत. सणाला घरी आल्यावर काय काम करतोस असे विचारले की त्यातली काही 'टेस्टिंग' असे उत्तर देतात. टेस्टिंग म्हणजे तपासणी. दुसऱ्याने तयार केलेल्या मालात दोष कोठे आहे हे गिऱ्हाइकाच्या आधी शोधणे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या धंद्यात ताका तपासणारा माणूस जे करतो, तेच हे.

एक माल, अनेक हात

तपासणारे एका छताखाली असले तर काम सोपे असते. अडचण येते ती माल चार ठिकाणी आणि चार मालकांकडे तयार होतो तेव्हा. विट्याच्या यंत्रमागाचे उदाहरण घ्या. सूत एकाचे, सायझिंग दुसऱ्याकडे, माग तिसऱ्याचे आणि रंगाई इचलकरंजीला चौथ्याकडे. सूतवाला म्हणतो काउंट बरोबर आहे. सायझिंगवाला म्हणतो बीम चांगला आहे. मागवाला ग्रे कापड पास करून पाठवतो. पण दोन लॉटचे सूत मिसळले असेल तर ग्रे कापडात डोळ्याला काही दिसत नाही, रंग चढला की पट्टे उमटतात. आता भरपाई कोणी द्यायची? चौघांकडेही आपापला भाग ठीक असल्याचा पुरावा आहे आणि कापड मात्र खराब आहे.

मिरजेच्या सतारीलाही असेच अनेक हात लागतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तुंबा, दांडी, नक्षी, पडदे, तारा, प्रत्येकाचे कसब वेगळे. पण शेवटी एक कारागीर जवारी काढतो आणि तार छेडून कानाने पाहतो. भाग कितीही सुबक असले तरी वाद्य बोलत नसेल तर ते दुकानात जात नाही. मिरजेच्या सतारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे पिढ्यान् पिढ्यांची ही शेवटची तपासणीही आहे.

सॉफ्टवेअरची तपासणीही अशीच तीन पायऱ्यांची असते. पहिली, प्रत्येक तुकडा वेगळा तपासणे. दुसरी, दोन तुकडे जोडल्यावर सांधा तपासणे. तिसरी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळा व्यवहार खऱ्यासारखा करून पाहणे. पहिली पायरी सगळे करतात. दुसरी आणि तिसरी कोणाची, हे ठरलेले नसले की नुकसान होते.

जीएसटीच्या पोर्टलने शिकवलेला धडा

वाचकांना 2017 चा जुलै आठवत असेल. 1 जुलैला जीएसटी लागू झाला. त्याचे पोर्टल इन्फोसिसने बांधले. सुमारे 1,380 कोटी रुपयांचे ते कंत्राट 2015 साली दिले गेले होते. पण काम एकट्या इन्फोसिसचे नव्हते. जीएसटीएन ही संस्था, केंद्राचा महसूल विभाग, राज्यांचे कर विभाग, बँका, सुविधा पुरवठादार आणि आपण वापरतो ती हिशेबाची सॉफ्टवेअरे, या सगळ्यांचे सांधे जुळायचे होते. वरून नियम आणि नमुने बदलत होते.

पहिले 3बी विवरणपत्र 20 ऑगस्टपर्यंत भरायचे होते. आदल्या दिवशी, 19 ऑगस्टला, पोर्टलने मान टाकली आणि मुदत 25 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. सप्टेंबरमध्ये पोर्टलच्या अडचणी पाहण्यासाठी सुशील मोदी यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांचा गट नेमावा लागला. विक्रेत्याचे बिल आणि खरेदीदाराचे बिल आपोआप जुळवून पाहणे हा या योजनेचा कणा होता. त्यासाठीची जीएसटीआर-2 आणि 3 ही विवरणपत्रे नोव्हेंबर 2017 मध्ये बाजूला ठेवावी लागली.

पुढे ई-वे बिल आले. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केले. 16 जानेवारी 2018 पासून त्याची चाचणी सुरू झाली आणि 1 फेब्रुवारीला ते सक्तीचे झाले. चाचणीच्या पंधरवड्यात फार थोडे लोक तिकडे फिरकले. सक्तीच्या दिवशी सगळी गर्दी एकदम लोटली आणि पहिल्याच दिवशी यंत्रणा बसली. माल भरलेले ट्रक कागदासाठी उभे राहिले. त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलण्यात आली.

दुसऱ्या वेळी मात्र रीत बदलली. रोज 75 लाख बिलांचा भार पेलेल अशी तयारी केल्याचे सांगण्यात आले. 1 एप्रिलला फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी सुरुवात झाली, मग एकेक राज्य जोडत गेले. आपल्या महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालासाठी 25 मे उजाडला. काम तेच होते, माणसेही बहुतेक तीच होती. फरक एवढाच की या वेळी भार आधी मोजला आणि पाऊल एकेक टाकले.

जुलै 2019 मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापालांच्या अहवालात जीएसटीबद्दल दोन दोष स्पष्ट सांगितले आहेत. महसूल विभाग, अप्रत्यक्ष कर मंडळ आणि जीएसटीएन यांच्यात ताळमेळ नव्हता, आणि यंत्रणा लागू करण्यापूर्वी पुरेशी चालवून पाहिली गेली नाही. हे दोष फक्त सरकारचे आहेत असे समजू नका. ते आमच्या दोन दुकानांतही होते.

आमच्या दुकानातला घोळ

आमचे मुख्य दुकान सांगलीला आणि शाखा साताऱ्याला. 2019 मध्ये ईदेच्या हंगामाआधी आम्ही दोन्ही दुकाने एका सॉफ्टवेअरने जोडली. प्रोग्राम एका कंपनीने लिहिला. त्या कंपनीने तपासणीचे काम दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या कंपनीला दिले. बारकोडचे यंत्र तिसऱ्याचे. साताऱ्याच्या दुकानात प्रत्यक्ष वापरून पाहण्याचे काम आमच्या चुलतभावाच्या मुलाकडे होते. तिन्ही कंपन्यांनी आपापले काम पास झाल्याचे कागद दिले. आम्ही तिघांचेही पैसे चुकते केले.

सांगलीहून साताऱ्याला 12 ताके ड्रेस मटेरियल गेले. आमच्याकडे तो ताका 20 मीटरचा, म्हणजे 240 मीटर माल. सांगलीच्या पाठवणीच्या पावतीवर आकडा ताक्यांचा होता, पण साताऱ्याच्या विक्रीच्या भागाने तो मीटर म्हणून वाचला. 12 मीटर कापड विकले गेले की पडदा म्हणे माल संपला. फळीवर माल भरलेला आणि यंत्र बिल काढू देईना. गर्दीच्या वेळी मुलगा हाताने बिले लिहू लागला. इकडे आम्ही सांगलीत बसून पडद्यावर पाहत होतो. साताऱ्याचा माल संपला असे दिसताच त्याच डिझाइनची नवी ऑर्डर दिली. साताऱ्याला एक फोन करून विचारले नाही. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. ईद झाली आणि दुप्पट माल अंगावर पडला. त्यातला बराचसा पुढे तोट्यात काढावा लागला.

त्याहून वाईट असे की हाताने बिले का लिहिलीस म्हणून आम्ही त्या मुलालाच चारचौघांत बोललो. तो एवढेच म्हणाला, "चाचा, मी पंधरा दिवसांपूर्वी दोनदा सांगितलं होतं." चौकशी केली तेव्हा ते खरे निघाले. त्याने प्रोग्रामवाल्यांना फोन केला होता. ते म्हणाले, तपासणीवाल्यांना सांगा. तपासणीवाले म्हणाले, आमच्या यादीत हे नाही. त्यांच्या यादीत साड्या आणि तयार कपडे होते. ते नगावर विकले जातात, तेथे ताका आणि मीटरचा प्रश्नच येत नाही. प्रोग्रामवाल्यांनी एकाच दुकानावर तपासले होते, तेथे पाठवणी नव्हती. दोष फक्त सांध्यावर होता आणि तो फक्त साताऱ्याच्या मुलाला दिसला होता. पण त्याची तक्रार लिहून घ्यायला वही नव्हती आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार त्याला आम्ही दिला नव्हता. आम्ही त्याची त्याच दुकानात, सगळ्यांसमोर माफी मागितली.

तिन्ही कंपन्यांना एकत्र बसवले तेव्हा आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असा प्रकार झाला. करारात सांध्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. चूक त्यांची जेवढी, तेवढीच करार न वाचणाऱ्या आमची.

मोठ्यांचेही असेच झाले

नंतर आम्ही या विषयावर वाचले, तेव्हा कळले की अमेरिकेच्या नासाचेही असेच झाले होते. मंगळाकडे पाठवलेले एक यान 23 सप्टेंबर 1999 रोजी नष्ट झाले. कोलोरॅडोतल्या लॉकहीड मार्टिन कंपनीचे सॉफ्टवेअर जोराचा आकडा पौंडाच्या मापात देत होते आणि कॅलिफोर्नियातली प्रयोगशाळा तो न्यूटनच्या मापात वाचत होती. आकड्यांत साडेचार पटीच्या आसपास फरक पडत होता. यान ठरल्यापेक्षा फार खाली उतरले आणि गेले. चौकशीत असेही निघाले की मार्ग मोजणाऱ्या काही जणांना शंका आली होती. पण ती ठरलेल्या नमुन्यात नोंदवली गेली नाही, म्हणून तिचा पाठपुरावा झाला नाही. हे वाचताना आम्हाला साताऱ्याचा मुलगाच आठवला.

दुसरे उदाहरण ब्रिटनच्या टीएसबी बँकेचे. एप्रिल 2018 मध्ये या बँकेने 50 लाखांहून अधिक ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलवली. लाखो ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. पुढच्या चौकशीत दिसले की यंत्रणा दोन केंद्रांवर चालायची होती, पण भाराची चाचणी एकाच केंद्रावर झाली होती. दुसरे तसेच असणार असे धरून चालले होते. डिसेंबर 2022 मध्ये बँकेला सुमारे 4 कोटी 86 लाख पौंड दंड झाला. सांगलीत चालले म्हणजे साताऱ्यात चालणारच, असे धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काय करावे?

आता आमच्या दोन्ही दुकानांत जी पद्धत आहे ती सांगतो. हीच पद्धत थोड्याफार फरकाने मोठ्या कंपन्यांतही लागू पडते.

1. सांध्याला एक धनी नेमा. कंपन्या कितीही असोत, सगळे मिळून चालते की नाही याचे उत्तर एकाच माणसाने द्यायचे. तो शक्यतो आपला माणूस असावा. विकणाऱ्याच्या पगारावर असलेला तपासनीस विकणाऱ्याविरुद्ध जोराने बोलू शकत नाही. आणि त्या माणसाला काम थांबवण्याचा अधिकार द्या. अधिकाराशिवाय जबाबदारी म्हणजे मुनीमाला तिजोरीची किल्ली न देता शिल्लक विचारण्यासारखे आहे.

2. दोषांची वही एकच ठेवा. प्रत्येक दोषाला क्रमांक, तारीख, ठिकाण, आपण काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, आता तो कोणाकडे आहे आणि कधी मिटला, एवढे रकाने पुरेत. पडद्याचा फोटो जोडावा. तोंडी किंवा फोनवर सांगितलेली तक्रार वहीत चढेपर्यंत झालीच नाही असे समजावे. ती चढवण्याचे काम मात्र तक्रार ऐकणाऱ्याचे, सांगणाऱ्याचे नव्हे. हा नियम असता तर आमचा मुलगा बोलणी खाता ना.

3. दोषांची प्रतवारी करा. कापडात भोक, डाग आणि जाड दोरा यांना एकच वटाव नसतो. ज्याने पैसे किंवा साठा चुकतो तो भारी दोष, तो असेपर्यंत काम सुरू करायचे नाही. ज्याने काम अडते पण दुसरी वाट आहे तो मध्यम. अक्षराचा रंग, शब्दाची चूक हे हलके. प्रत कोणती हे सांध्याच्या धन्याने ठरवावे, दोष करणाऱ्याने नाही.

4. माप आणि नमुना एकच असू द्या. ताका म्हणजे किती मीटर, परतीचा माल कोणत्या तारखेला धरायचा, पैसे वर मोजायचे की खाली सोडायचे, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. सगळ्यांनी एकाच मालाच्या यादीवर तपासायचे आणि त्या यादीत नग, मीटर, ताका हे सगळे प्रकार हवेत. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. उर्दूत अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात आणि आकडे डावीकडून उजवीकडे. लहानपणी आमची चूक अक्षरांत होत नसे, आकड्यांतही होत नसे. ती होई जेथे दोन्ही भेटत तेथे.

5. आवृत्तीचा क्रमांक पाहा. सॉफ्टवेअर दुरुस्त झाले की त्याचा क्रमांक बदलतो. सातारा जुन्या आवृत्तीवर आणि सांगली नव्या आवृत्तीवर तपासत असेल, तर दोन लॉटच्या रंगाची तुलना केल्यासारखे होते. वहीत आवृत्ती लिहिल्याशिवाय दोष घेऊ नये.

6. दुरुस्तीनंतर जुने पुन्हा तपासा. एक दोरा ओढला की शेजारचा सुटतो. म्हणून महत्त्वाच्या वीस-पंचवीस व्यवहारांची कायमची यादी करा. खरेदी, पाठवणी, विक्री, परत, उधारी, वसुली, विवरणपत्र. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवा, आणि प्रत्येक ठिकाणी चालवा.

7. हंगामाचा भार आधी टाकून पाहा. एका रविवारी दोन्ही दुकानांतले सगळे काउंटर एकदम सुरू करून तासभर बिले काढा. मध्येच इंटरनेट बंद करा, वीज बंद करा. जे मोडायचे ते त्या दिवशी मोडू द्या.

8. मोबदला विचारपूर्वक ठरवा. तपासनीसाला ताक्यावर पैसे दिले तर तो झरझर पास करतो. दोषावर पैसे दिले तर भारी दोष सोडून सोप्या गाठी मोजत बसतो. सॉफ्टवेअरलाही हेच लागू आहे. ठरलेली यादी पूर्ण करण्याचे पैसे द्या. प्रोग्रामवाल्यांची शेवटची रक्कम मात्र सगळ्या ठिकाणी महिनाभर बिनतक्रार चालेपर्यंत राखून ठेवा. भारी दोष किती तासांत आणि मध्यम किती दिवसांत मिटवायचा, हे करारात लिहा. दोष दोघांच्या सांध्यावर निघाला तर आधी कोणी हात लावायचा, हेही लिहा.

9. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे बोला. सगळ्या ठिकाणचे लोक फोनवर, समोर तीच वही. काल काय मिटले, आज काय कोणाकडे, काय अडले, एवढेच. महिन्यातून एकदा धन्याने प्रत्येक ठिकाणी स्वतः जावे. फोनवर मनुष्य 'ठीक आहे' म्हणतो, काउंटरमागे उभे राहिल्यावर खरे सांगतो.

10. गिऱ्हाइकाची उधारी परक्याला दाखवू नका. तपासणीसाठी खरी खातेवही बाहेरच्या कंपनीला देणे चूक आहे. नावे आणि फोन क्रमांक बदलून द्या. लोकांची उधारी ही आपल्याकडची अमानत आहे, आणि 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला आहे.

11. परतीची वाट ठेवा. हंगामाच्या तोंडावर नवे काही सुरू करू नका. सुरू केलेच तर महिनाभर जुनी पद्धत बाजूने चालू ठेवा आणि रोज रात्री दोन्हींचा मेळ घाला.

शेवटी

आमच्या दुकानात आता सांध्याचा धनी कोण आहे? साताऱ्याचा तोच मुलगा. 2020 मध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तेव्हा तिन्ही कंपन्या सुरू करा म्हणत होत्या. त्याने वही उघडून परतीच्या मालाचा एक भारी दोष दाखवला आणि थांबा म्हणाला. आम्हाला घाई होती, तरी आम्ही थांबलो. दोष मिटायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत कंपन्यांचे फोन आले, तगादे आले. पण सुरू झाल्यावर त्या आवृत्तीने आमचा एक मीटरही चुकवला नाही.

ज्यांच्या घरची मुले पुण्यात हे काम करतात, त्यांनी मुलगा दुसऱ्याच्या चुका काढतो असे म्हणून हसू नये. ताका उजेडात धरणारा माणूस व्यापाराचा शत्रू नसतो. आणि आपल्या दुकानात असा कोणी कनिष्ठ माणूस 'आकडा जुळत नाही' म्हणून आला, तर हातातले काम बाजूला ठेवून आधी वही उघडावी.